नांदेड-४४ : वाण प्रसारित झाला, पुढं काय?

किनवट तालुक्यात इस्लापूरच्या आसपास ऑगस्टमध्ये कोरडवाहू शेतं बघत गेलं तर बहुतेक ठिकाणी एकच मांडणी दिसते. कपाशीच्या सहा-आठ ओळी, मग तुरीची एक ओळ, परत कपाशी. दोन्ही पिकं एकाच मातीत, एकाच पावसावर. पण दोघांचं बियाणं वेगवेगळ्या वाटेनं शेतात येतं. तूर बऱ्याचदा घरची असते, नाहीतर पाहुण्याकडून, शेजाऱ्याकडून आणलेली. मराठवाड्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गाजलेली तूर म्हणजे बीएसएमआर-७३६ आणि नंतर बीडीएन-७११. हे दोन्ही वाण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रातून आले. कपाशी मात्र दरवर्षी कृषी सेवा केंद्रातून विकत आणलेलं खासगी कंपनीचं पाकीट.

आता गंमत बघा. याच विद्यापीठाचं कापूस संशोधन केंद्र नांदेडला आहे, म्हणजे इस्लापूरच्याच जिल्ह्यात. नांदेडहून भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरला यायचं, एवढंच अंतर. आणि एक काळ असा होता की कोरडवाहू कापसात या केंद्राच्या एनएचएच-४४ चं, म्हणजे लोकांच्या तोंडच्या 'नांदेड-४४' चं, नाव सगळ्यात आधी यायचं. मग एकाच विद्यापीठाची तूर शेतात टिकली आणि कापूस का गेला?

पेट, नेटची तयारी करणाऱ्या आणि सिनॉप्सिसचा विषय शोधणाऱ्या मित्रांसाठी मी हा प्रश्न आज घेतोय. कृषी संशोधनावर टीका म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक, 'विद्यापीठं काहीच करत नाहीत'. दुसरा, 'आम्ही इतके वाण दिले, इतक्या शिफारशी दिल्या'. दोन्ही ऐकून घ्यावेत आणि बाजूला ठेवावेत. आपण एकच वाण हातात घेऊन तो कुठे जिंकला आणि कुठे हरला ते तपासू.

त्यानं कोणता प्रश्न सोडवला?

नांदेडला कापसावर काम हैदराबाद संस्थानच्या काळापासून चाललेलं आहे. इथला गावरानी कापूस त्या काळी नावाजलेला होता, आणि त्यातूनच निवड करून चांगले वाण काढण्याचं काम झालं. पुढे १९७० मध्ये गुजरातमधल्या सुरत केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला. व्यापारी प्रमाणावर लागवडीत आलेला जगातला हा पहिला संकरित कापूस. त्यानंतर देशभर संकरित कापसाची लाट आली. पण एच-४ लांब मुदतीचा, पाणी असलं तर खुलणारा. मराठवाड्यातल्या बहुतेक कापसाला पाणी म्हणजे फक्त पाऊस.

१९७२ मध्ये परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्याच्या नांदेड केंद्रानं १९८४ च्या सुमारास एनएचएच-४४ दिला. मादी बीएन-१, म्हणजे बिकानेरी नरमा, आणि नर एसी-७३८. दोन्ही अमेरिकन कपाशीतले, म्हणून याला अमेरिकन गटातला आंतर-संकर म्हणतात.

या वाणाची शेतकऱ्यांनी सांगितलेली आणि शास्त्रज्ञांनीही नोंदवलेली खुबी एकच होती. पावसाचा खंड पडला, पाते गळाले, पहिला बहर हातचा गेला, तरी नंतरच्या पावसावर झाड पुन्हा उभारी धरायचं आणि दुसरा बहर द्यायचं. ज्याच्याकडे विहीर नाही त्याच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. सगळं जुळून आलं तर किती क्विंटल, हा त्याचा पहिला प्रश्न नसतो. बिघडलं तर किमान किती, हा असतो. वाण महाराष्ट्राबाहेरही पसरला तो या गुणामुळे.

म्हणून टीकेची सुरुवात श्रेय देऊन करावी लागते. नांदेडच्या शास्त्रज्ञांनी प्रश्न बरोबर विचारला होता. खंड पडणार हे गृहीत धरलं आणि खंडानंतर सावरणारं झाड शोधलं. प्रश्न बरोबर विचारणं म्हणजे निम्मं संशोधन, हे गाईड लोक सांगतात ते असं असतं.

सरासरीत काय लपतं

इथं थोडं थांबून एक तांत्रिक मुद्दा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

नवा वाण प्रसारित कसा होतो? आधी केंद्रावर चाचणी, मग विद्यापीठाच्या वेगवेगळ्या केंद्रांवर, मग अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन समितीची बैठक होते, तिला सगळे 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को' म्हणतात. तिथे शिफारस, मग बियाणे उपसमिती, आणि शेवटी १९६६ च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचना. प्रत्येक टप्प्यावर नवा वाण एका प्रचलित वाणाशी ताडून पाहतात. त्याला तुल्य वाण म्हणतात. नव्याचं उत्पादन तुल्य वाणापेक्षा क्रांतिक फरकाहून जास्त निघालं तर तो सरस.

पद्धत वाईट नाही. पण समजावण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊन बघा. वाण 'अ' केंद्राच्या भारी काळ्या जमिनीत हेक्टरी २० क्विंटल देतो आणि मुरमाड जमिनीत ६. वाण 'ब' भारी जमिनीत १६ देतो आणि मुरमाडात ८. दोन ठिकाणांची सरासरी काढली तर 'अ' ची १३ आणि 'ब' ची १२. तक्त्यात 'अ' जिंकला. पण उतारावर, बरड जमीन कसणाऱ्यासाठी 'ब' जिंकायला पाहिजे होता. हेक्टरी दोन क्विंटलचा फरक त्याच्या वर्षाच्या हिशेबात फार मोठा असतो.

याला वाण आणि पर्यावरण यांची आंतरक्रिया म्हणतात. एबरहार्ट आणि रसेल यांनी १९६६ मध्ये स्थैर्य मोजायची जी पद्धत मांडली, ती एम.एस्सी. अ‍ॅग्रीच्या प्रबंधांत तुम्हाला पानोपानी दिसेल. प्रत्येक वाणाचं उत्पादन त्या-त्या ठिकाणच्या सरासरीवर मांडायचं आणि रेषेचा उतार बघायचा. उतार १ पेक्षा जास्त म्हणजे चांगल्या परिस्थितीत उसळणारा वाण. १ पेक्षा कमी म्हणजे वाईट परिस्थितीतही फार न पडणारा. आपल्या उदाहरणात 'अ' चा उतार जास्त, 'ब' चा कमी.

इस्लापूरचा भाग या दृष्टीनं अवघड आहे. किनवट हा मराठवाड्यातला जास्त पावसाचा तालुका. पैनगंगेचं खोरं, सहस्रकुंडचा धबधबा, सागाचं जंगल बघून माणसाला वाटतं इथं पाण्याची काय कमी. पण पाऊस पडतो तेव्हा धो-धो, आणि उताराच्या हलक्या जमिनीत तो थांबत नाही. आठवडाभर सतत पाऊस लागला की सखल भागात पऱ्हाटी पिवळी पडते. त्यानंतर पंधरा दिवस उघडीप मिळाली की वरच्या बरडात ती मान टाकते. परभणी, नांदेडच्या काळ्या जमिनीवरचे आकडे जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत. त्यामुळे कुठलीही शिफारस वाचताना पहिला प्रश्न हा विचारायचा, की ज्या ठिकाणांची सरासरी काढली त्यात माझ्यासारखी जमीन किती ठिकाणी होती?

२००२ : झाड तेच, बाजार बदलला

मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली. तिन्ही महिको कंपनीचे. महिको जालन्याची, १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी सुरू केलेली. म्हणजे बोंडअळीविरोधी जनुक भारतात आलं ते मराठवाड्यातल्याच एका कंपनीच्या हातानं. बदनापूरचं विद्यापीठाचं केंद्रही जालना जिल्ह्यातच. अंतर मोजायचं तर दोन्ही अगदी जवळजवळ. पण जनुक ज्या वाटेनं गेलं तिथे नांदेडचं केंद्र नव्हतं.

महिको आणि मोन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीनं हे जनुक इतर बियाणे कंपन्यांना परवान्यावर दिलं. सुरुवातीचं शुल्क ५० लाख रुपये, शिवाय विकलेल्या पाकिटामागे ट्रेट फी. चाळीसहून जास्त कंपन्यांनी परवाना घेतला आणि आपापल्या संकरित वाणांत जनुक घातलं. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत १,६०० रुपयांच्या घरात होती. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारनं एमआरटीपी आयोगाकडे दाद मागितली आणि त्यानंतर किंमत ७५० वर आली. तरी बीटीखालचं क्षेत्र वाढतच राहिलं. २०१० नंतर काही वर्षांतच देशातल्या कापसाचं ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीखाली होतं.

नांदेड-४४ मध्ये जनुक नव्हतं. हिरव्या बोंडअळीनं त्या काळात शेतकऱ्याला इतकं छळलं होतं, की फवारणीचा खर्च वाचवणारं कुठलंही बियाणं त्यानं घेतलं असतं. खंडानंतर सावरण्याचा गुण आणि अळीपासून बचाव, यातलं एकच निवडायचं होतं. त्यानं बचाव निवडला आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. पण ही निवड करायची वेळ त्याच्यावर यायला नको होती. दोन्ही गुण एका झाडात आणणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं. जनुक असलेल्या झाडाशी संकर करायचा आणि आपल्या मूळ पालकाशी परत परत संकर करत जायचं. सहा पश्चसंकरानंतर सरासरी ९९ टक्क्यांच्या वर मूळ पालकाची जनुकं परत येतात. संकरित वाणात तर दोनपैकी एका पालकात जनुक आलं तरी भागतं. खासगी कंपन्यांनी हेच केलं.

इथं विद्यापीठाच्या बाजूनं एक उत्तर नेहमी येतं. जनुक दुसऱ्याचं, शुल्क परवडणारं नाही, मग दोष कुणाचा? यात तथ्य आहे. सरकारी केंद्राच्या अर्थसंकल्पात ५० लाखांचं शुल्क आणि वर ट्रेट फी बसवणं सोपं नव्हतं. पण दोन गोष्टींमुळे मला हे उत्तर अपुरं वाटतं.

पहिली, पेटंटची. पहिल्या पिढीच्या बीटी जनुकाचं, म्हणजे बोलगार्ड-१ चं, भारतात पेटंट नव्हतंच. पेटंट होतं ते दुसऱ्या पिढीच्या बोलगार्ड-२ चं. अडसर होता तो करारांचा आणि जैवसुरक्षेच्या परवानग्यांचा. असा अडसर वाटाघाटीनं हलतो, पण त्यासाठी वाटाघाट करायला कुणीतरी बसावं लागतं.

दुसरी, विद्यापीठाकडे काय होतं याची. जनुक नव्हतं, पण कोरडवाहूत वर्षानुवर्षं घासून निघालेले पालक वाण होते. राज्यात चार कृषी विद्यापीठं, आणि १९७६ पासून काम करणारं महाबीजसारखं बियाणे महामंडळ. अकोल्याच्या विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रीड-२ सुद्धा याच अवस्थेत होता. एकत्र बसून परवाना घ्यायचा, बियाणं महाबीजनं तयार करायचं, हे शक्य होतं. झालंही ते, पण किती उशिरा ते खाली येतंच.

तुरीचं उदाहरण इथे आपल्याला तुलनेसाठी मिळतं. माती तीच, शेतकरी तेच, विद्यापीठ तेच. तूर सरळ वाणाची, बी घरचं ठेवता येतं, आणि तिथे खासगी जनुकाची भिंत आडवी आली नाही. बीएसएमआर-७३६ वांझ रोगाला तोंड देत होता म्हणून शेतकऱ्यानं तो धरून ठेवला. बीडीएन-७११ लवकर येतो, परतीचा पाऊस दगा देण्याआधी निघतो, म्हणून तोही पसरला. विद्यापीठाला वाण काढता येत नाहीत, हा आरोप इथेच खोटा ठरतो. कापूस सुटला तो वाण काढून झाल्यानंतरच्या कामात.

२००९ : बियाण्याची शुद्धता

मधे एक प्रयत्न झाला होता, आणि संशोधन करू बघणाऱ्या प्रत्येकानं तो अभ्यासायला हवा. धारवाडचं कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि दिल्लीची वनस्पती जैवतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था यांनी मिळून सार्वजनिक क्षेत्रातला बीटी कापूस तयार केला. नाव बिकानेरी नरमा बीटी. २००८ मध्ये त्याला परवानगी मिळाली. आठवतंय ना, नांदेड-४४ ची मादी बिकानेरी नरमाच होती? त्यामुळे लगोलग २००९ मध्ये एनएचएच-४४ बीटीलाही परवानगी मिळाली. आपल्या वाणाला त्याचा हरवलेला गुण सरकारी प्रयोगशाळेतून मिळत होता, आणि बिकानेरी नरमा हा सरळ वाण असल्यानं त्याचं बी शेतकऱ्याला घरी ठेवताही आलं असतं.

थोड्याच दिवसांत ते सगळं बंद पडलं. या बियाण्यात मोन्सँटोचा एमओएन-५३१ हा इव्हेंट सापडला. इव्हेंट म्हणजे बाहेरचं जनुक गुणसूत्रावर नेमकं ज्या जागी बसलं ती घटना. जनुक एकच असलं तरी जागा वेगळी म्हणजे इव्हेंट वेगळा. जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या सीमेवरचे क्रम धरून पीसीआर केला तर कोणता इव्हेंट आहे ते ओळखता येतं. बियाणं मागे घ्यावं लागलं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं नेमलेल्या डॉ. सोपोरी समितीनं २०१२ मध्ये अहवाल दिला आणि भेसळ झाल्याचं त्यात नोंदवलं गेलं.

यातून काय शिकायचं? ही चाचणी प्रयोगशाळेत एका दिवसाचं काम आहे. ती बियाणं शेतकऱ्याच्या हाती जायच्या आधी प्रत्येक पिढीत व्हायला हवी होती. आपण प्रबंधाच्या 'साहित्य आणि पद्धती' प्रकरणात 'बियाणे अमुक केंद्राकडून घेतले' असं एक वाक्य लिहून पुढे जातो. त्या एका वाक्यात किती काही अडकलेलं असतं ते या प्रकरणात दिसतं. सार्वजनिक संशोधनावरचा विश्वास यात गेला, आणि इस्लापूरसारख्या भागातल्या शेतकऱ्याच्या हातून एक पर्याय आणखी काही वर्षांसाठी निसटला.

उशिरा आलेलं उत्तर

पुढे विद्यापीठ आणि महाबीज यांनी मिळून नांदेड-४४ मध्ये बोलगार्ड-२ आणलं आणि गेल्या दशकाच्या उत्तरार्धात ते बियाणं बाजारात आलं. बातमी म्हणून ती आनंदाचीच होती. पण तारखा शेजारी ठेवून बघा. बोलगार्ड-२ ला देशात २००६ मध्ये परवानगी मिळाली होती. २०१५ पर्यंत गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरते आहे हे गुजरातेत दिसलं होतं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुमच्या घरच्यांना विचारा. म्हणजे जनुकाची धार बोथट झाली तेव्हा ते नांदेड-४४ मध्ये आलं.

ज्या प्रश्नाचं हे उत्तर होतं तो प्रश्न तोवर जुना झाला होता. प्रयोगशाळेचं वेळापत्रक आणि किडीचं वेळापत्रक जुळत नसेल, तर चांगलं संशोधनही असं वाया जातं.

शेतकरी थांबून राहत नाही हेही लक्षात घ्या. सरकारी पर्याय वेळेवर आला नाही की तो बाजारात दुसरं शोधतो. तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं 'चोर बीटी' कापूसपट्ट्यात पसरलं ते यातूनच. त्याची पावती नाही, उगवलं नाही तर तक्रार करायला जागा नाही. किनवटसारख्या सीमेवरच्या तालुक्यात, जिथं आदिलाबादची बाजारपेठ हाताशी आहे, तिथं कुठलं पाकीट कुठून आलं हे शोधणंही अवघड.

आता सरळ वाण आले आहेत

अलीकडे नांदेड केंद्रानं एनएच-१९०१ बीटी, एनएच-१९०२ बीटी आणि एनएच-१९०४ बीटी हे अमेरिकन कपाशीचे सरळ वाण दिले. यांच्यात पहिल्या पिढीचं बीटी जनुक आहे. माझ्या मते नांदेड-४४ नंतर या केंद्रानं टाकलेलं हे सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे.

कारण मेंडेलच्या साध्या गणितात आहे. संकरित बीटी कपाशीत जनुक बहुधा एकाच पालकाकडून येतं. तिचं सरकी बी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं तर चारातलं एक झाड जनुकाविना निघतं, आणि बाकीचे गुणही विस्कटतात. म्हणून दरवर्षी पाकीट. सरळ वाणात जनुक दोन्ही बाजूंनी सारखं असतं, म्हणून बी घरचं चालतं. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं बी ठेवायचा, पेरायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा हक्कही शेतकऱ्याला दिलेला आहे. म्हणजे कापसाला तुरीच्या वाटेनं जायची संधी आता मिळते आहे.

पण वर सांगितलेले सगळे प्रश्न इथेही विचारायचेच. पहिल्या पिढीचं जनुक गुलाबी बोंडअळीला आवरत नाही. सरळ वाणांच्या बाजूनं असं मांडतात की बी स्वस्त असल्यानं दाट लागवड करता येते, बोंडं लवकर धरता येतात आणि अळीचा जोर वाढण्याआधी पीक काढून घेता येतं. युक्तिवाद बरोबर आहे. पण तो पूर्ण व्हायला शेतकऱ्यानं फरदड न घेता शेत वेळेवर मोकळं करायला हवं. हलक्या जमिनीत लांबलेल्या पावसावर एक-दोन वेचण्या जास्त मिळणार असतील तर तो पऱ्हाटी का उपटेल? याचं उत्तर तांत्रिक शिफारशीत नसतं. ते त्याच्या घरखर्चात असतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

वर्षअखेरीच्या अहवालात प्रसारित वाणांची संख्या ठळक छापलेली असते. पाच वर्षांनी त्यातला कोणता वाण किती एकरांवर उभा आहे, ही माहिती मात्र शोधत बसावी लागते. नांदेड-४४ च्या गोष्टीवर माझी मुख्य टीका हीच आहे. अधिसूचना निघाली की संशोधन संपलं, असं आपली व्यवस्था मानते. बी शुद्ध ठेवणं, पुरेसं तयार करणं, काळ बदलला की वाणात बदल करणं, शेतात जाऊन तो का टिकला किंवा का गेला ते नोंदवणं, हे सगळं 'विस्तार' किंवा 'बियाणे विभाग' यांचं काम समजलं जातं. शोधनिबंध त्यातून निघत नाही असंही समजलं जातं.

निघतो. तीन विषय मी इथेच देतो. कुणी घेतले तर आनंद आहे.

एक. सरळ बीटी वाणाचं घरी ठेवलेलं बी तीन वर्षांत किती शुद्ध राहतं? कपाशीत मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागीभवन होतं, आणि आजूबाजूला सगळं संकरित बीटी. बांधापासून दहा, वीस, तीस ओळींवरची बोंडं घ्या, पीसीआर करा. २००९ मध्ये जी चाचणी कमी पडली ती या वेळी वेळेवर होईल. वनस्पतिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाच्या कुठल्याही एम.एस्सी. विद्यार्थ्याला जमण्यासारखं काम आहे.

दोन. इस्लापूर, जलधरा, शिवणी, बोधडी या पट्ट्यात बरड आणि काळ्या जमिनीवर एकच वाण शेजारी-शेजारी लावून सलग दोन-तीन हंगाम स्थैर्य मोजायचं. तुल्य वाण म्हणून केंद्राचा जुना वाण घेऊ नका, शेतकरी त्या वर्षी जे पाकीट खरंच विकत घेतोय तेच घ्या. त्याच्यापुढे तुमचा वाण टिकला तरच निष्कर्षाला अर्थ आहे. निकालात सरासरीबरोबर सगळ्यात वाईट शेताचा आकडाही वेगळा द्या.

तीन. बियाण्याची साखळी. पैदासकार बियाणं किती तयार झालं, त्यातून पायाभूत किती, प्रमाणित किती, आणि मे-जूनमध्ये किनवटच्या दुकानात त्यातलं किती पोचलं. आकडे विद्यापीठ, महाबीज आणि कृषी विभागाकडे माहिती अधिकारातही मागता येतात. या साखळीत वाण नेमका कुठे अडतो हे कुणीतरी आकड्यांनिशी दाखवायला हवं.

पेटच्या मुलाखतीत विचारतात, 'तुमच्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?' आपण पाठ केलेलं वाक्य म्हणतो. त्यापेक्षा वर्ष, तालुका, वाण आणि तुल्य वाण यांची नावं सांगता आली पाहिजेत. ज्याला ती सांगता येतात त्याचा विषय तयार आहे. तेवढी नावं गोळा केल्याशिवाय सिनॉप्सिसचं पहिलं पान लिहायला बसू नका.